एका पत्त्यावर पाचजणी

कांद्याच्या यार्डातल्या भुईकाट्याची केबिन ज्याने आतून पाहिली नाही, त्याला किळस हा शब्द फक्त ऐकून माहीत आहे. कीबोर्डच्या फटींत कांद्याचे पापुद्रे. खिडकीखालच्या भिंतीवर गुटख्याचे ओघळ, नवे जुन्यांवरून गेलेले. पंख्याच्या पात्यांवर काळ्या लोण्यासारखी धूळ. आणि खुर्चीच्या पाठीला तेलाचा एक गोल डाग, कारण वर्षानुवर्षं तिथे कुणाकुणाची डोकी टेकत आली आहेत. दिवाळीनंतरच्या मुहूर्ताच्या लिलावासाठी ही केबिन सजवली होती. सजवली म्हणजे काय, तर पुसायचं सोडून सगळ्यावर झेंडूच्या माळा टाकल्या होत्या. मॉनिटरला कुंकवाची बोटं, माउसला हळद. यूपीएससमोर नारळ फोडला होता आणि त्याचं पाणी तारांच्या गुंत्याखालून सावकाश वाट काढत होतं. ज्या वस्तूत वीज खेळते तिच्यासमोर नारळ फोडणाऱ्या माणसाला मी साष्टांग नमस्कार करते, लांबून.

मी तिथे गेले होते सुनेबरोबर. तिने पुण्यातली चांगली नोकरी सोडली, सिडकोतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत टेबल टाकलं आणि स्वतःची कामं घ्यायला सुरुवात केली. लासलगावच्या वाटेवरच्या या खाजगी यार्डाचा भुईकाटा, म्हणजे अख्खा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट तोलणारा काटा, हे तिचं पहिलं काम. तोवर काट्यावरचा माणूस लाल आकड्यांच्या पेटीत दिसणारं वजन डोळ्यांनी वाचायचा आणि हाताने काटापट्टीवर, म्हणजे वजनाच्या पावतीवर, लिहायचा. आता पेटीने ते वजन तारेवरून थेट कॉम्प्युटरला सांगायचं आणि पावती छापून यायची. यार्डाच्या मॅनेजरने तिला स्पष्ट सांगितलं होतं, "मुहूर्ताला चाललं तर आमचे बाकीचे काटे पण तुम्हालाच. नाय चाललं तर आमचा पेन बरा." तेव्हा तिच्या त्या मागच्या खोलीतल्या टेबलाचं पुढे काय व्हायचं, ते त्या दिवशी ठरणार होतं. माझा मुलगा ऑफिसच्या कामाला बाहेरगावी होता, म्हणून सोबतीला मी. तशी मी त्या धंद्यातली जुनी आहे, पण कुणी सल्ल्यासाठी नेलं नव्हतं. डबा धरायला नेलं होतं.

आमचं आधी एक भांडण झालं होतं, ते सांगायला हवं.

दिवाळीच्या आधी एकदा मी चहा द्यायला मागच्या खोलीत गेले आणि तिच्या स्क्रीनवर एक ओळ दिसली. ती ओळ मी कुठेही ओळखीन, पावसाळ्यात न्हाणीघरात निघालेली गोम ओळखावी तशी. तिचा अर्थ असा, की "पत्ता पुन्हा वापरू दे."

हे काय असतं ते थोडक्यात सांगते, कारण पुढचा सगळा तमाशा त्या ओळीचा आहे. कॉम्प्युटरला दारं असतात आणि दारांना नंबर असतात. मशीनचा नंबर आणि दाराचा नंबर मिळून झाला पत्ता. एखादा प्रोग्राम त्या पत्त्यावर जाऊन बसतो आणि तिथे येणारे निरोप घेतो. भुईकाट्याची पेटी वजन स्थिर झालं की त्या पत्त्याला हाक मारते, आकडा सांगते, आणि इकडून बरं म्हटलं की बोलणं संपतं. एका पत्त्यावर एकानेच बसायचं. आता प्रोग्राम बंद केला की दार लगेच मोकळं व्हावं असं कुणालाही वाटेल. पण आधीच्या बोलण्यातला एखादा निरोप वाटेत रेंगाळलेला असू शकतो. तो उशिरा आला आणि त्या दारात नव्याने बसलेल्याच्या हाती पडला तर सगळा घोटाळा. म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम संपलेल्या बोलण्याची आठवण थोडा वेळ धरून ठेवते, आणि तेवढ्यात कुणी त्या पत्त्यावर बसायला आलं तर म्हणते, पत्ता वापरात आहे. मी याला सुतक म्हणते. माणूस गेला आहे, पण घर अजून मोकळं झालेलं नाही. आणि ती ओळ म्हणजे सुतक न पाळता लगेच चूल पेटवायची परवानगी.

"हे का घातलंस?" मी विचारलं.

"प्रत्येक वेळी बंद करून चालू केलं की मिनिटभर बसू देत नाही, आई. काम कसं करायचं?"

"मिनिटभर थांबायचं."

"सगळेच घालतात ही ओळ. सर्व्हरला घालायचीच असते."

"सगळे गुडघ्यावर फाटलेल्या पँटीही घालतात."

ती हसली नाही. स्क्रीनकडे बघतच म्हणाली, "तुमच्या वेळी नव्हती का ही ओळ?"

"होती. पण आम्ही वाट बघायचो."

"म्हणजे माहीत नव्हती."

मी कप तिथेच ठेवून बाहेर आले. कारण तेव्हा खरंच माहीत नव्हती, फार पुढे कळली.

आमच्या वेळी म्हणजे सातपूरला, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात. तिथे कॉम्प्युटरची एक थंडगार खोली होती आणि त्या खोलीची राणी होती एक पंचविशी उलटलेली बाई. ती बाई मी होते हे मला कागदोपत्री मान्य करावं लागतं, पण तिच्याशी माझे संबंध चांगले नाहीत. ती दारात सगळ्यांच्या चपला काढायला लावायची, मालकांच्याही. तिला चष्मा होता आणि त्या चष्म्याला नंबर नव्हता. हुशार दिसावं म्हणून मेन रोडवरच्या दुकानातून साध्या काचा बसवून घेतल्या होत्या. कुणी काही विचारलं की ती चष्मा काढायची, पदराने पुसायची आणि मग उत्तर द्यायची, म्हणजे तेवढा वेळ विचार करायला मिळायचा.

खंडेनवमीला कारखान्यात सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. लेथ बंद, प्रेस बंद, तसा हिचा प्रोग्रामही बंद. मग मुहूर्तावर सगळं चालू. लेथ चालू व्हायचे, प्रेस चालू व्हायचे आणि हिच्या स्क्रीनवर यायचं, पत्ता वापरात आहे. मालक मागे उभे, त्यांच्या आईच्या हातात आरतीचं ताट. या बाईला त्या वाक्याचा अर्थ ठाऊक नव्हता. एवढंच ठाऊक होतं, की दोन-चार मिनिटं गेली की आपोआप चालू होतं. तर ती काय करायची? गंभीर चेहरा करायची. "आता कुणी बोलू नका," म्हणायची. आणि मशीनला तारीख विचारायची. तीच तारीख, पुन्हा पुन्हा, खटाखटा, टायपिंगचा आवाज व्हावा म्हणून. मग सुतक फिटलं की प्रोग्राम चालू व्हायचा आणि मालकांची आई ताटातलं कुंकू हिच्या कपाळाला लावून म्हणायची, "या पोरीच्या हाताला यश आहे." पुढे पुढे हिलाही ते खरं वाटायला लागलं. घरी कुकरची शिटी होईना तर ही कुकरवर हात ठेवून उभी राहायची. नवरा म्हणायचा, भाजशील.

ती आत्ता समोर आली तर मी तिच्या चष्म्यातून पेपर वाचून दाखवीन, चारचौघांत.

तर मुहूर्ताच्या दिवशी आम्ही सकाळीच पोचलो. यार्डात ट्रॅक्टरांची रांग फाटकाबाहेरपर्यंत गेली होती. ट्रॉल्यांना फुगे, बोनेटवर झेंडू. केबिनमध्ये मॅनेजर पांढऱ्या शर्टात, खिशाला पेन, ओठाच्या कोपऱ्यात गुटख्याची कड. प्रत्येक वाक्याआधी तो ती गिळायचा. ते बघून मी डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"मॅडम, पूजा झाली की पाच सुवासिनींच्या हस्ते चालू करायचं. आमच्याकडं कायम तसंच असतं."

"एकदा दाबलं की चालू होईल," सून म्हणाली.

"हो हो, तेच."

मग त्याने माझ्या कपाळाकडे बघितलं आणि म्हणाला, "आजी, तुम्ही बसा निवांत. तुम्हाला त्रास नको."

नवरा गेल्यापासून मला कुठल्याही समारंभात खुर्ची फार पटकन मिळते. आधी राग यायचा, आता मी पंख्याखालची मागून घेते. पण इथल्या पंख्याखाली बसायची माझी हिंमत झाली नाही. मी दारातच एक स्टूल ओढून बसले. सुनेचा चेहरा लाल झाला होता, ती काही बोलणार एवढ्यात मी तिला डोळ्यांनीच सांगितलं, तू तुझं काम बघ. ती पेटीची तार तपासायला बाहेर काट्यापाशी गेली.

ती बाहेर असतानाच मुहूर्ताची वेळ झाली.

पाच जणी आत आल्या. पुढे मॅनेजरची बायको, हिरव्या पैठणीत, हातात चांदीची वाटी. तिने हळद-कुंकवाने भरलेलं बोट माउसवर ठेवलं आणि प्रोग्रामच्या चित्रावर दोनदा दाबलं. निळी खिडकी उघडली, त्यात मोठं शून्य. टाळ्या. मग दुसरी पुढे आली आणि तिनेही दाबलं. मग तिसरी. पाच जणींचा हात लागायचा म्हणजे पाचही जणींचा लागायचा, एकीनेच दाबलं तर बाकीच्या चौघी काय फोटोला आल्या होत्या? प्रत्येक वेळी स्क्रीन थोडी लुकलुकायची आणि निळी खिडकी आधीच्या खिडकीच्या बरोब्बर डोक्यावर येऊन बसायची, त्यामुळे बघणाऱ्याला एकच दिसायची. स्क्रीनची खालची पट्टी, जिथे काय काय उघडलं आहे ते कळतं, ती झेंडूच्या माळेखाली होती. मी हे सगळं दारातून बघत होते आणि माझं लक्ष कुठे होतं? त्या पाच ओल्या बोटांनी माउसवर झालेल्या चिखलाकडे.

पहिला ट्रॅक्टर काट्यावर आला. खच्चून भरलेली ट्रॉली, हार घातलेला शेतकरी, फोटोवाला. लाल पेटीवर आकडा आला. स्क्रीनवर शून्य.

"मॅडम," मॅनेजरने खिडकीतून हाक मारली, "शून्य दाखवतंय हो."

सून धावत आली. बघितलं. तिच्या ओठावर घाम आला होता. "पेटी तर पाठवतेय," ती स्वतःशीच म्हणाली.

आणि मी, माझं वय काय, मी स्टुलावरून गंभीर आवाजात म्हणाले, "थांबा. जरा वेळ जाऊ द्या. सुतक असेल."

मुहूर्ताच्या वेळी, पाच सुवासिनींसमोर, माझ्या तोंडून हा शब्द. मॅनेजरच्या बायकोने हाताने वाटी झाकली. सातपूरची ती बाई कुठे गेलेली नाही, माझ्याच जिभेखाली बसून असते. सगळे थांबले. काही झालं नाही. शून्य ते शून्यच. शेवटी मॅनेजरने पेन काढलं, पेटीवरचा आकडा बघून पहिली काटापट्टी हाताने लिहिली आणि ट्रॅक्टर सोडला. सून पुन्हा तारेकडे पळाली.

मॅनेजर खुर्चीवर बसला. "बंद करून चालू करतो," म्हणाला आणि खिडकीची फुली दाबली. खिडकी गेली, खाली तशीच दुसरी. शून्य. "बंदच होत नाय हे येडं." पुन्हा फुली. पुन्हा शून्य. पुन्हा. पुन्हा. चौथ्या फुलीनंतर मात्र स्क्रीनवर आकडा दिसला, चांगला मोठा. "आलं," तो म्हणाला आणि त्याने लगेच छापायचं बटण दाबलं. दुसरा ट्रॅक्टर तेव्हा काट्यावर चढतच होता. त्याच्या ट्रॉलीची मागची चाकं अजून काट्याबाहेर होती, ते मला दारातून दिसत होतं. काट्यावरच्या पोऱ्याने पावती फाडली आणि ट्रॅक्टरवाल्याच्या हातात दिली. त्याच्यानंतरच्या ट्रॅक्टरचं वजन स्क्रीनवर अगदी बरोबर आलं. त्याच्यापुढचंही. प्रिंटर गाऊ लागला.

मॅनेजर खूश. पेढ्यांचा डबा निघाला. सून आत येताच त्याने तिच्या हातात पेढा ठेवला. "मॅडम, एक नंबर. बाकीच्या काट्यांचं पुढच्या महिन्यात करून टाकू."

ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "आई, काय केलंत?"

"मी कुठे काय केलं? तो फुल्या दाबत बसला होता. चार दाबल्यावर आलं."

"चार?"

"अगं, पाच जणींनी उघडला होता ना. प्रत्येकीने एकदा."

तिने स्क्रीनकडे वळून पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाच उघडले. म्हणजे त्याने एकालाही नाही म्हटलं नाही."

"कोणी?"

"सिस्टीमने. एका पत्त्यावर पाच बसले आणि तिने बसू दिले." तिने फोन काढून काहीतरी शोधलं, वाचलं आणि फोनची स्क्रीन माझ्यापुढे धरली. मी वाचलं. हा चष्मा नंबरचा आहे.

तेव्हा मला कळलं, की घरी मी तिच्याशी भांडले ते बरोबर ओळीवर आणि संपूर्ण चुकीच्या कारणाने. तिच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. तिथे त्या ओळीचा अर्थ एवढाच, की गेलेल्याचं सुतक असलं तरी नव्याला बसू दे. जिवंत कुणी बसलेला असेल तर मात्र तिथेही दुसऱ्याला बसता येत नाही. यार्डातलं मशीन विंडोजचं. तिथे त्याच नावाच्या त्याच ओळीचा अर्थ आहे, की जिवंत माणूस बसला असला तरी त्याच्या मांडीवर बसू दे. मग दारावर आलेला निरोप दोघांपैकी कोणाला मिळेल? ते सांगता येत नाही, असं बनवणाऱ्यांनीच लिहून ठेवलंय. लाज नाही, शरम नाही, सरळ लिहून ठेवलंय. आणि याच्यावर कडी म्हणजे, जे सुतक टाळायला तिने ती ओळ घातली, ते त्या मशीनवर तसं पाळतच नाहीत. ओळ नसती तरी प्रोग्राम लगेच चालू झाला असता, आणि दुसरीने दाबल्यावर सिस्टीम म्हणाली असती, पत्ता वापरात आहे, सरका.

मला इतका तिटकारा आला, की क्षणभर ती केबिनही बरी वाटली. गुटख्याचा ओघळ निदान दिसतो. दोन वेगळ्या वागण्यांना एकच नाव देऊन ठेवायचं आणि पुढच्यांनी ते विश्वासाने उचलायचं, ही घाण दिसत नाही.

"पहिल्या ट्रॅक्टरचं वजन तळाच्या खिडकीला मिळालं होतं," सून म्हणाली. "वरच्या चार जणी शून्य धरून बसल्या होत्या. तो फुल्या मारत तळाशी पोचला, तेव्हा त्याला तोच आकडा दिसला. जुना."

"आणि त्याने छापला," मी म्हणाले. "दुसऱ्याची मागची चाकं वर आली नव्हती."

"नक्की?"

"माझ्यासमोर."

पहिली ट्रॉली खच्चून भरलेली होती. दुसरी होती अर्धीच. म्हणजे अर्ध्या ट्रॉलीवाल्याच्या हातात भरलेल्या ट्रॉलीची पावती. तो मान खाली घालून वाचत बसला नसणार, मुहूर्ताच्या घाईत कोण वाचतं? आणि केबिनमध्ये हे फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. स्क्रीन बरोबर चालली होती. मॅनेजर पेढे वाटत होता. बाकीचे काटे पुढच्या महिन्यात.

सातपूरची बाई असती तर तिने तो पेढा खाल्ला असता. चष्मा पुसला असता आणि म्हणाली असती, सुरुवातीला थोडं होतंच. सुनेने हातातला पेढा माझ्या हातात कोंबला आणि ती बाहेर पळाली.

मीही मागून गेले, माझ्या चालीने. दुसरा ट्रॅक्टर व्यापाऱ्याच्या खळ्याकडे वळत होता, तिथे माल खाली होणार होता.

"ओ दादा, थांबा," ती ओरडली. "वजन चुकलंय. परत काट्यावर घ्या."

ट्रॅक्टरवाला चाळिशीतला, टोपीखालून घाम. "कमी लागलं का ताई?"

"जास्त लागलंय."

तो मोकळेपणाने हसला. "जास्त लागलं तर राहू द्या की. कधी नाय ते लागलंय."

"खळ्यावर माल खाली झाल्यावर ढीग केवढा पडेल?" ती म्हणाली. "आणि पावतीवर केवढा आहे? ते कुणाला विचारतील, मला का तुम्हाला?"

त्याने पावती काढून डोळ्यांजवळ धरली. मग मागे वळून स्वतःच्या ट्रॉलीकडे बघितलं. "आयला," तो म्हणाला, "माझ्या ट्रॉलीत एवढा माल नायच. मला तर चोरच म्हणत्याल." आणि त्याने हँडल फिरवलं.

तो परत काट्यावर चढताना बघून मॅनेजर केबिनमधून बाहेर आला. सुनेने त्याला सगळं सांगितलं, एकही शब्द न गिळता. पाच जणी, पाच खिडक्या, चूक तिच्या ओळीची, पावती रद्द करायची.

"मुहूर्ताची पट्टी रद्द?" त्याचा आवाज चढला. "मॅडम, लय अपशकुन हाय. आता चालतंय ना? मग कशाला उकरताय?"

चालतंय ना. माझ्या उभ्या आयुष्यात या दोन शब्दांइतकं ओंगळ काही मी ऐकलेलं नाही. रस्ता खचला, चालतंय ना. गॅस गळतोय, चालतंय ना. मी तोंड उघडलं, पण सुनेने माझ्या दंडावर हात ठेवला.

"आकडा खोटा आहे," ती म्हणाली. "तो गेला तर तुमच्या यार्डाच्या नावावर जाईल."

"पहिली पट्टी बरोबर हाय ना? मुहूर्त पहिलीचा. दुसरीचं कोण बघतंय?"

"हा बघतोय," तिने ट्रॅक्टरवाल्याकडे बोट केलं. तो वरून म्हणाला, "म्या खाली नाय उतरत, आधी वजन करा." मागे हॉर्न सुरू झाले होते. पेटीवर लाल आकडा स्थिर झाला, स्क्रीनवर तोच आला. आधीच्या पावतीपेक्षा कितीतरी कमी. मॅनेजरने दोन्ही आकडे बघितले. त्याने ओठाच्या कोपऱ्यातली कड गिळली आणि जुनी पावती फाडली.

मग सून त्या तेलकट डागाच्या खुर्चीवर बसली. बघवत नव्हतं, पण बसली. लॅपटॉप उघडून ती ओळ काढली आणि तिच्या जागी दुसरी घातली. ही दुसरी ओळ तिथल्या सिस्टीममध्ये मुद्दाम यासाठीच ठेवली आहे, की या पत्त्यावर मी एकटाच, दुसऱ्या कुणालाही बसू देऊ नको. नवा प्रोग्राम मशीनवर चढवला, जुना बंद केला, नवा चालू केला. तो एका दमात चालू झाला. मी घड्याळ काढून तयार होते, ते परत आत ठेवलं.

"वहिनी," ती मॅनेजरच्या बायकोला म्हणाली, "आता पुन्हा एकदा दाबून बघा."

वहिनींनी पैठणी सावरली आणि दाबलं. स्क्रीनवर इंग्रजीत एक चौकोनी पाटी आली.

"काय म्हणतंय?"

"म्हणतंय, पत्ता वापरात आहे. एक चालू असताना दुसरा उघडणार नाही."

"म्हणजे माझा हात नाय चालत?"

मॅनेजर पुढे आला. "मॅडम, ती पाटी काढा. मिसेसचा हात लागला आन् मशीन नाय म्हणतंय. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाय. आधी कसं गुपचूप उघडायचं."

"आधी गुपचूप उघडलं म्हणूनच हे झालं," सून म्हणाली. "ती पाटी निघणार नाही. पाटी नको असेल तर प्रोग्रामही नको. सांगा, आत्ता काढून देते, तुमचा पेन आहेच." आणि तिने खरंच हात कीबोर्डवर ठेवले.

बाहेर हॉर्न. मला वाटलं, गेलं, मागच्या खोलीतलं टेबल गेलं, आता ही पुन्हा पुण्याला जाणार आणि मला घरात भांडायला कुणी उरणार नाही. मॅनेजरने खिडकीतून रांगेकडे पाहिलं. रांग फाटकाबाहेरून रस्त्यावर आली होती.

"राहू द्या हो," वहिनी म्हणाल्या. "घरी तरी माझं कोण ऐकतंय."

बाकीच्या चौघींपैकी एक खुदकन हसली आणि मग सगळ्याच.

मॅनेजर त्यात हसला नाही. त्या पाटीकडे बोट करून म्हणाला, "मराठीत तरी करा. इंग्रजीत लय तोऱ्यात बोलतंय."

"करते."

"आन् ‘कृपया’ घाला."

मी सुचवलं, "‘बसलेल्याच्या मांडीवर बसू नये’ असं लिही." सुनेने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिने लिहिलं, "प्रोग्राम आधीच चालू आहे. कृपया पुन्हा दाबू नये." मॅनेजरने दोनदा वाचलं, मान हलवली आणि पुढच्या ट्रॅक्टरला हात केला. बाकीच्या काट्यांचं त्याने पुन्हा नाव काढलं नाही, तिनेही विचारलं नाही. हा एक काटा मात्र तिच्याकडे राहिला, आणि मागच्या खोलीतलं टेबल जागच्या जागी.

उठताना तिने हात पुसायला इकडेतिकडे काही शोधलं. दहाही बोटं हळदीची, मधे कांद्याची धूळ. त्या केबिनमध्ये स्वच्छ म्हणावं असं एक फडकं नव्हतं. मी पदर पुढे केला. नवी साडी होती. डाग अजून गेलेला नाही.